कुंताच्या गुडघ्याच्या मापाचा पलंग

अहेरीला बदली झालेले साहेब पहिल्या दिवशी रडतात आणि शेवटच्या दिवशी ट्रक बोलावतात. ट्रकात सागवान असतं. रडणं आणि ट्रक यांच्या मधल्या काळात कधीतरी त्यांची बाबुलालशी गाठ पडलेली असते.

बाबुलाल कचेरीत शिपाई होता. कोणत्या कचेरीत, ते राहू द्या. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं काम पाणी देण्याचं आणि घंटी वाजली की आत जाण्याचं. बाबुलालचं म्हणणं वेगळं होतं. सरकारने आपल्याला सागवान निवडायला नेमलं आहे आणि मधल्या रिकाम्या वेळात पाणी द्यायला सांगितलं आहे, अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत होती.

नवा साहेब यायचा तो तोंड पाडून. सोबत मच्छरदाणी, औषधांचा डबा आणि दर तासाला वाजणारा बायकोचा फोन. महिनाभर तो भिंतीवरच्या नकाशात आपलं गाव किती लांब आहे ते पाहत बसायचा. मग कोणीतरी त्याच्या कानात सांगायचं, आणि एक दिवस तो पाणी पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारायचा, "बाबुलाल, इकडे सागवान चांगलं मिळतं म्हणे?"

बाबुलाल याच प्रश्नाची वाट पाहत पेला धरून उभा असायचा.

"मिळते जी. पण मिळते म्हणून घ्यायचं नसते."

एवढ्या एका वाक्यात साहेब त्याचा शिष्य व्हायचा. पुढच्या रविवारी दोघे लच्छू सुताराच्या दुकानात. तिथे बाबुलाल फळीसमोर उभा राहायचा, तिला आडवी-उभी करायचा, बोटांच्या पेरांनी टकटक वाजवायचा, कान लावायचा, नाक लावायचा, डोळे मिटायचा. साहेब श्वास रोखून पाहत राहायचे. मग बाबुलाल मान हलवायचा. नाही. दुसरी. तीही नाही. तिसरी फळी पास झाली की साहेबांना मुलगी खपल्याचा आनंद व्हायचा.

यातलं निम्मं नाटक होतं, हे लच्छूला माहीत होतं.

"बाबुलालभाऊ," तो रंधा मारता मारता म्हणायचा, "झाड मेलं हाय ना बाप्पा. त्याची नाडी कायले पाहून राह्यला?"

"तुले नाई समजणार."

"मीच तं कापलं ते."

पण उरलेलं निम्मं खरं होतं. बाबुलालने निवडलेली फळी पुढे कधी वाकली नाही, चिरली नाही. त्याने पास केलेल्या लाकडाची कपाटं, टेबलं, झोपाळे आता साऱ्या महाराष्ट्रात पसरले होते आणि त्यांचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये होते. चहाच्या टपरीवर तो ते दाखवायचा. "हा आपला कोल्हापूरचा सोफा. हे आपलं नाशिकचं जेवणाचं टेबल. हा आपला लातूरचा झोपाळा, याच्यावर साहेबाच्या मायने दिवाळीत फराळ केला." त्या टेबलावर बाबुलाल कधी जेवला नव्हता, त्या झोपाळ्यावर कधी बसला नव्हता. नाशिक तर त्याने पाहिलंही नव्हतं. पण ‘आपलं’ म्हणताना त्याचा आवाज जरासुद्धा हलत नसे.

आणखी एक सवय त्याला नोकरीने लावली होती. साहेबाने कशाचीही तारीफ केली की बाबुलालच्या तोंडून आपोआप निघायचं, "तुमचंच आहे साहेब." हे वाक्य तो खास कचेरीच्या शुद्ध मराठीत म्हणायचा. साहेब म्हणाले, छत्री छान आहे. तुमचीच आहे साहेब. साहेब म्हणाले, अंगणातला पेरू काय लगडलाय. तुमचाच आहे साहेब. साहेब हसायचे, बाबुलाल हसायचा, छत्री बाबुलालकडे राहायची आणि पेरू पोपट खायचे. इकडच्या मोठ्या मनाच्या माणसांची ती बोलायची रीतच आहे. त्यात कोणाचं काही जात नसे.

अशा या लाकडाच्या पारख्याच्या स्वतःच्या घरात फर्निचर म्हणून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीचा पाय सुतळीने बांधलेला.

घर विटांचं होतं, पण जमीन मातीची. कारण फरशी अजून पसंत पडायची होती. पांढरी फरशी दवाखान्यासारखी दिसते, काळीवर धूळ दिसते, आणि मधल्या रंगाची बाबुलालला कचेरीच्या संडासात रोज दिसत होती. तेव्हा पसंत पडेपर्यंत त्याची बायको कुंता शेणाने सारवत होती. लग्नानंतर पहिल्यांदा सारवलं तेव्हा बाबुलाल म्हणाला होता, "थोडे दिवस कर, मंग फरशीच टाकून देतो." त्यानंतर झालेली मुलगी दामिनी आता बल्लारपूरला नांदत होती आणि तिला स्वतःची मुलगी होती.

कुंता मूळची प्राणहितेच्या काठच्या एका गावची. बापाचं घर नदीतल्या माशांवर आणि थोड्या धानावर चाललेलं. लहानपणापासून दर पावसाळ्यात ती चिखलात वाकून धानाची रोवणी करत आली, आधी बापाच्या शेताच्या बांधीत, मग लोकांच्या. चिखलाने आपली मजुरी तिच्या गुडघ्यांतून कापून घेतली. आता ती जमिनीवर झोपायची खरी, पण सकाळी उठणं हे एक वेगळंच काम झालं होतं. आधी कुशीवर. मग एक हात जमिनीवर. मग सरकत दारापर्यंत. मग दुसरा हात चौकटीवर. मग "माय वो" म्हणून एक झटका. कधी पहिल्या झटक्यात उठायची, कधी परत खाली बसायची.

बाबुलाल दात घासता घासता हे पाहायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "चौकट सागाची घेतली म्हणून टिकली पाहा. दुसरी असती तं कवाची निघून आली असती."

कुंताला एक पलंग पाहिजे होता. नक्षी नको, आरसा नको, उशाशी मोर नको. बसलं की पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि उठलं की उठलं पाहिजे, एवढंच.

"देतो ना," बाबुलाल म्हणायचा. "पण चांगल्या लाकडाचा देतो. तुह्यासाठी काय ऐरागैरा घेऊ?"

असं म्हटल्यावर बायको काय बोलणार? आणि तो खोटं बोलत नव्हता. जंगलखात्याच्या लिलावात चांगलं लाकूड निघालं की तो पै-पै जमवून थोडं घ्यायचा, फळ्या पाडून घरच्या माळ्यावर वाळत टाकायचा. उन्हाळे जायचे. फळ्या वाळून खणखणीत व्हायच्या. आणि नेमक्या त्याच वेळी कोणत्या तरी साहेबाची बदली व्हायची आणि साहेब म्हणायचे, "बाबुलाल, ओल्या लाकडाचं नको बुवा, वाळलेलं कुठे मिळेल?" बाबुलालची नजर नकळत आपल्या घराच्या दिशेला वळायची. साहेब दाम द्यायचे, त्यात काही खोट नव्हती. फक्त माळा रिकामा व्हायचा. एका खेपेचा पलंग साहेबाच्या मुलीच्या लग्नात गेला. दुसऱ्या खेपेचा एका मॅडमचं कपाट झाला. तिसऱ्या खेपेचा देव्हारा झाला, त्याबद्दल तर कुंताला बोलायचीही सोय राहिली नाही.

दामिनी माहेरी आली की वाद व्हायचा. तिचा नवरा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला.

"बाबा, आमच्या तिकडं दुकानात रेडीमेड पलंग मिळते. हप्त्यानं देते."

"भुसा हाय तो! लाकडाचा भुसा दाबते, वरतून लाकडाच्या फोटोचा कागद चिटकवते, आन लोक त्याच्यावर झोपते. लाज वाटत नाई."

"आमचं सारं घर कागदावरच चालते, बाबा."

"तुह्या मायले मी भुशावर झोपवू?"

"मातीवर झोपवून राह्यले ना."

यावर बाबुलाल अंगणात पेरू पाहायला जायचा. कुंता चुलीशी बसून म्हणायची, "तुह्या बापाले माह्यासाठी झाडच पसंत पडत नाई बाई. मले पाहाले आले होते तवा मात्र एका खेपेत हो म्हणून मोकळे झाले. टकटक बी नाई केलं."

नोकरीची शेवटची वर्षं आली आणि बाबुलालला लिलावात एक ओंडका मिळाला. असा ओंडका त्याने कोणत्याही साहेबासाठी पाहिला नव्हता. कुठे गाठ नाही, आतला गाभा जुन्या मधासारखा. चारही पाय एकाच झाडाचे निघतील, हे पाहून त्याचे डोळे भरून आले. (आपल्या लग्नातही त्याचे डोळे असे भरले नव्हते, हे कुंताने नंतर सांगितलं.) फळ्या माळ्यावर गेल्या.

त्या वाळत आल्या तेवढ्यात नवे साहेब आले, साताऱ्याकडचे इंगवले साहेब. माणूस सज्जन. शिपायाला अहोजाहो करणारा, स्वतःचा पेला स्वतः विसळणारा. त्यांनी सागवानाचं नावही काढलं नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचं फर्निचर आधीच होतं. फक्त जमिनीला लाकडी फ्लोअरिंग करायचं चाललं होतं, आणि बाबुलालची कीर्ती ऐकून त्यांनी एकदा त्याला आत बोलावलं. फोनवर पुण्याहून बाईसाहेब होत्या. त्यांनी तीन नमुने एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरले.

"बाबुलाल, यातलं कोणतं चांगलं?"

बाबुलालने डोळे बारीक केले, पुढे वाकला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने फोनवरच टकटक वाजवलं. फोन कट झाला. तेवढ्यात जे दिसलं त्यावरून त्याने मधला नमुना पास केला.

घरी येऊन त्याने मोठ्या रंगात ही हकीकत सांगितली. कुंता भात वाढत होती. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे साहेब लाकडावर चालन?"

"हो ना. पायाले ऊबदार राहते."

कुंताने पातेलं खाली ठेवलं. "मंग आज त्या फळ्या माळ्यावरून खाली उतरवा. नाई तं मले वर चढवून द्या, मी तिथीच झोपून राहीन त्यायच्यावर."

तिचा असा आवाज बाबुलालने कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी लच्छू आला.

लच्छूची पलंग करायची एक रीत होती. पलंगाची लांबी-रुंदी तो टेपने मोजायचा, पण उंचीला टेप लावायचा नाही. उंचीला बांबूची कमची. त्याने कुंताला धानाच्या पोत्यावर बसवलं, पाय सरळ टेकवायला सांगितले, आणि कमची तिच्या टाचेपासून गुडघ्याच्या घडीपर्यंत धरून तिथे चाकूने खाच पाडली. कुंताने लाजून लुगड्याचा काठ पावलांवर ओढला.

"नीट बसा ना कुंताबाई. झोपाले तं माणूस कुठीबी झोपते. पलंग उठाले लागते. ज्याले उठायचं, त्याचं माप."

आजवर शिंप्याने ब्लाऊजचं घेतलं तेवढं सोडलं तर कुंताचं माप घेऊन कोणी काही केलं नव्हतं. लच्छूचं काम झाल्यावर तिने ती कमची मागून घेतली आणि छपराच्या फटीत खोचून ठेवली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पलंग झाला. साधा, लाकडात लाकूड अडकवणाऱ्या चुळी घट्ट बसवलेला, एक खिळा नाही. हात फिरवला तर हात थांबू नये असा. पहिल्या सकाळी कुंता जागी झाली, उठून बसली, पाय खाली सोडले. पाय टेकले. आणि ती उभी राहिली. चौकट लांब होती, "माय वो" म्हणायची वेळच आली नाही. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग परत बसली. परत उभी राहिली. परत बसली.

"काय करून राह्यली?" बाबुलालने पांघरुणातून विचारलं.

"उठून राह्यली," कुंता म्हणाली आणि पुन्हा बसली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बाबुलालला झोप येईना. शेजारच्या बायका येऊन पलंग पाहून गेल्या, छान आहे म्हणाल्या. पण त्यांना काय कळतं? बाबुलालच्या आयुष्यात कोणतंही लाकूड साहेबाने पाहिल्याशिवाय पुरं झालं नव्हतं. आपला सगळ्यात चांगला पलंग एकाही साहेबाने पाहू नये, हे त्याला सहन होईना.

"साहेबाले जेवाले बोलावतो," तो म्हणाला.

"नका बोलावू बाप्पा."

"काऊन? साहेब काय पलंग खाते?"

साहेब येणार त्या दिवशी कुंताने पलंगावर जुनी चादर टाकली, तीही उलटी. बाबुलालने ती काढून नवी घातली. पाहुणे येऊन हात धुवेपर्यंत नवीही काढली, कारण तिच्यामुळे लाकूड झाकलं जात होतं.

इंगवले साहेब आले. मासे-भात पोटभर जेवले, कुंताबाईंच्या हाताचं कौतुक केलं. मग पलंगावर बसले. उठले. परत बसले. कुंता स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हे बसणं-उठणं तिला ओळखीचं होतं.

"बाबुलाल," साहेब म्हणाले, "माझ्या आईला असाच पाहिजे. तिच्या गुडघ्यांचं फार झालंय हो. पुण्यात इतके पलंग पाहिले, सगळे जमिनीला चिकटलेले. तिला उठताच येत नाही. हा किती योग्य उंचीचा आहे! मी असा पलंग कुठेच पाहिला नाही."

बाबुलालची छाती फुगली. साऱ्या आयुष्याची पेन्शन त्याला त्या क्षणी एकदम मिळाली. त्याचं तोंड उघडलं.

"तुमचाच आहे साहेब."

साहेब हसले नाहीत.

घोटाळा झाला तो इथे. आजवरचे सगळे साहेब हसले होते. हसले म्हणजे वाक्य संपायचं. इंगवले साहेब साताऱ्याकडचे, सज्जन आणि आईच्या गुडघ्यांनी हळवे झालेले. त्यांनी बाबुलालचे दोन्ही हात धरले.

"खरंच देता? बाबुलाल, काय बोलू मी?"

आता ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. पण बाबुलालने कचेरीत ‘नाही’ हा शब्द आजवर एकाच कामासाठी वापरला होता, "साहेब नाहीत, उद्या या" असं लोकांना सांगायला. साहेबालाच ‘नाही’ म्हणायला तोंडाचा कोणता भाग हलवावा लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मी फुकट नेणार नाही हां," साहेब म्हणाले. "तुम्हाला नवा कोरा घेऊन देतो. याच्याहून मोठा, चांगला, स्टोरेजवाला."

तांब्यातलं पाणी कुंताच्या हातावर सांडलं.

साहेब गेल्यावर बाबुलाल म्हणाला, "बोलायची पद्धत राह्यते ते. सज्जन माणूस हाय. थोडाच नेते."

"नेते."

"नाई नेत वो."

"तुमी सांगा ना त्याहिले, बायकोचा हाय म्हणून."

"असं कसं सांगू? दिला म्हटल्यावर?"

"मंग नेते."

साहेबांच्या बदलीचा हुकूम आला आणि त्याच्या मागोमाग दारात टेम्पो आला. टेम्पोतून आधी नवा पलंग उतरला. मग जुना चढवायचा होता. हमाल हातोडी घेऊन पुढे झाले तसा बाबुलाल ओरडला, "हात नोका लावू! चुळी तुटन!" मग त्याने स्वतः बसून, एकेक चूळ फडकं धरून हलके ठोकत सैल करत, आपल्या बायकोचा पलंग असा सोडवला की कुठे ओरखडा नाही. इतकं सुंदर काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. पाय एकत्र बांधताना त्याच्या लक्षात आलं की टेम्पोत लाकडाला लाकूड घासेल.

"दामिनीची माय," तो म्हणाला, "पॉलिशले चरा जाईन वो. तुही गोधडी दे."

कुंता त्याच्याकडे पाहत राहिली. मग आत गेली, पांघरायची गोधडी आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. बाबुलालने ती पायांभोवती नीट गुंडाळली, सुतळीने बांधली. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत तो रस्त्यात उभा होता. त्याला वाटत होतं, आपण काहीतरी फार मोठं केलं आहे. तसं केलंही होतं.

नवा पलंग पाहायला सारी गल्ली लोटली. चकचकीत, चॉकलेटी, उशाशी आरसा, आरशाच्या दोन बाजूंना दिवे, आणि गादी उचलली की खाली पेटी. आत चार पोती धान मावलं असतं. दुकानदाराचा माणूस जोडणी करायला आला होता. काम संपवून त्याने खाली पाहिलं.

"फरशी नाही का?"

"पसंत करायची हाय," बाबुलाल म्हणाला.

"मग सारवण बंद करा काका. पाणी लागलं की हा फुगतो."

भुशाबद्दलची सगळी माहिती बाबुलालला तोंडपाठ होती.

सगळे गेल्यावर कुंताने छपरातली कमची काढली आणि पलंगाच्या कडेला उभी धरली. पलंग कमचीच्या निम्म्यापर्यंतही आला नाही. ती बसून पाहायला गेली तर गुडघे छातीपाशी आले आणि उठता येईना. बाबुलालला हात देऊन ओढावं लागलं. त्या रात्रीपासून ती पुन्हा जमिनीवर झोपू लागली. सकाळी कुशीवर, एक हात जमिनीवर, सरकत दारापर्यंत, मग चौकट. फक्त आता चौकटीकडे जाताना वाटेत पलंग यायचा, त्याला वळसा घालावा लागे. खोलीभर पलंगच झाला होता.

बाबुलाल रिटायर झाला आणि भुशावर झोपू लागला. एवढा महाग पलंग रिकामा कसा ठेवायचा? सकाळी मान वळवली की उशाच्या आरशात त्याला आपला चेहरा अगदी जवळून दिसायचा, म्हणून तो पायाकडे डोकं करून झोपायचा.

चौकटीची तारीफ त्याने बंद केली होती. एकदा कुंताचा झटका दोनदा चुकला तेव्हा तो हात द्यायला पुढे झाला. "राहू द्या," ती म्हणाली, "सागाची हाय. टिकते."

मग एक दिवस साहेबांचा फोटो आला. पुण्याचा फ्लॅट, खाली बाबुलालनेच पास केलेलं मधल्या नमुन्याचं फ्लोअरिंग, त्यावर पलंग, पलंगावर एक म्हातारी हसते आहे. बाबुलाल अंगणात पेरूखाली उभा राहून पाहू लागला. फोटो बोटांनी मोठा केला. लाकूड तेच. रेघ तीच. पण काहीतरी चुकत होतं, जसं ओळखीच्या माणसाने मिशी काढली की चुकतं. मग फोटोखाली साहेबांनी लिहिलेलं वाचलं. आईची उंची कमी आहे, तिचे पाय टेकत नव्हते, म्हणून सुताराकडून पलंगाचे पाय थोडे कापून घेतले. आता अगदी झकास. आई रोज तुमची आठवण काढते.

"फोटो आला का?" कुंताने दारातून विचारलं. आजवरचा प्रत्येक साहेबाचा फोटो तिला दाखवला गेला होता.

"नाई... नेटवर्क नाई."

"दाखवा."

त्याने दाखवला. कुंताने फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तिला वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरज पडली नाही. आपलं माप तिला ओळखता येत होतं.

"कापला," ती म्हणाली.

"म्हातारी बुटकी हाय."

"ते कापलेले तुकडे कुठी हाय?"

"तुकडे?"

"चार तुकडे निघाले असन ना. ते तं त्यायच्या कामाचे नाई." कुंता अगदी शांतपणे, भाजीचा हिशेब करावा तशी बोलत होती. "मांगून घ्या. एकावर एक खिळवले तं खुंटासारखं होईन. हांतरुणाच्या कडेले ठेवीन. हात टेकून उठाले होते."

बाबुलालने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने खरोखर फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबाकडे स्वतःसाठी काही मागणार होता. कुंता जवळ येऊन उभी राहिली, तिला ऐकू यावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे बाबुलाल!" साहेबांचा आनंदी आवाज अंगणभर पसरला. "फोटो मिळाला? आई काय खूश आहे म्हणून सांगू!"

"हो जी. साहेब, ते... पलंगाचे पाय कापले ना, ते तुकडे..."

"ते होय? आहेत की गॅलरीत. फेकायला जीव होईना हो, काय लाकूड आहे! आई त्यावर तुळशीची कुंडी ठेवायची म्हणतेय. का? हवे होते का तुम्हाला?"

विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. कुंताने मान हलवली: हो म्हणा. बाबुलालने तोंड उघडलं. जीभ आपल्या जुन्या वाटेने निघाली आणि तिला अडवायला तोंडात कोणी नव्हतं.

"नाही नाही. ठेवा की. तुमचेच आहेत साहेब."

साहेब या वेळी हसले. मनापासून हसले आणि फोन ठेवला.

कुंता मागच्या अंगणात गेली, बादलीत शेण कालवलं, वर पाणी घातलं, मग आणखी पाणी घातलं. बादली घेऊन आत आली. बाबुलाल पलंगावर बसला होता, हातात फोन.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

"आवं, त्या माणसानं सांगितलं ना, पाणी लागलं तं फुगते म्हणून—"

"पाय वर घ्या."

त्याने पाय वर घेतले. कुंता चौकटीला धरून खाली बसली आणि सारवू लागली. कोपऱ्यापासून सुरुवात करून पलंगापर्यंत आली. तिथे थांबली नाही. पलंगाच्या कडेला तिने ओंजळीने पाणी ओतलं, चॉकलेटी फळीच्या बुडाशी हात नीट दाबून फिरवला, जिथे हात पोचत नव्हता तिथे बादली तिरपी केली. एका बाजूचं झालं की ती सरकत दुसऱ्या बाजूला गेली. बाबुलाल मधोमध मांडी घालून, आरशाकडे पाठ करून, खाली ओलं वाळायची वाट पाहत बसला.